समूहघोषाची घडण : पोळ्याच्या झडतीपासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत

नागपूर-वर्धा लोहमार्गावरील एका गावाचे नाव कागदोपत्री ‘सिंदी (रेल्वे)’ असे लिहिले जाते. सिंदी नावाची इतरही गावे असल्यामुळे स्थानकाचा निर्देश कंसात घालून ओळख पक्की करण्याची ही रीत आहे. ग्रामनामांच्या अभ्यासकाने तिची नोंद अवश्य घ्यावी. परंतु विदर्भात सिंदीचे नाव निघते ते तान्ह्या पोळ्यामुळे. श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा भरतो आणि त्यामागोमाग मुलांचा तान्हा पोळा येतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात व बोजारा मिळवितात. सिंदीत मात्र लाकडी नंदी मुलाच्या हातातील खेळण्यापुरता राहत नाही. चाकांवर उभे केलेले भव्य नंदी येथे वाजतगाजत मिरविले जातात आणि गर्दी त्यांच्याभोवती आपला आवाज उभा करते.

फुटबॉलच्या मैदानावर ढोल वाजवीत गाणाऱ्या समर्थकांचा विचार करताना सिंदीपासून आरंभ करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. सिंदीची ख्याती फुटबॉलसाठी नाही. तरीही हजारो माणसे एका क्षणी एकच शब्द उच्चारतात ही घटना दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती वाटते तितकी साधी नाही. सामन्याच्या वर्णनात ‘प्रेक्षकांनी जल्लोष केला’ एवढे लिहून वार्ताहर मोकळा होतो. हा जल्लोष घडतो कसा, त्याला आकार कोण देतो आणि तो बिघडतो कोठे, हे प्रश्न मात्र भाषाभ्यासाच्या कक्षेत येतात.

पोळ्यातील झडतीची रचना प्रथम पाहू. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात. डफडे वाजत असते. एक जण पुढे होऊन झडती म्हणतो. झडती म्हणजे यमकाने बांधलेले, लयीत म्हटले जाणारे थोडके चरण. बैलाचे कौतुक, पावसाची तक्रार, सावकाराला टोमणा, शेजारच्या आळीची टिंगल, अलीकडे शेतमालाच्या भावावर बोट, असे काहीही तीत येते. शेवट मात्र ठरलेला असतो. महादेवाच्या नावाने हाक दिली जाते आणि सारा जमाव ‘हर हर महादेव’ असा प्रतिसाद देतो. मग दुसऱ्या बाजूचा कोणी उठतो व उत्तरादाखल आपली झडती टाकतो. सरतेशेवटी तोरण तुटते, पोळा ‘फुटतो’ आणि बैल घरोघर जातात. या घडणीत दोन जागा आहेत. पहिली बदलती असून ती एका व्यक्तीची आहे. दुसरी स्थिर असून ती सर्वांची आहे. पहिल्या जागेत कल्पकतेला वाव असतो. दुसऱ्या जागेत कोणालाही काही सुचावे लागत नाही. जमावाला बोलते करावयाचे तर त्याच्या वाट्याचे शब्द आधीपासून त्याच्या तोंडी बसलेले असावे लागतात.

परंतु शब्द पाठ असणे पुरेसे नाही. तो एकाच क्षणी उच्चारला गेला पाहिजे. येथे एक भौतिक अडचण उभी राहते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या मैदानाची लांबी १०० ते ११० मीटर असते. म्हणजे एका गोलामागील प्रेक्षकाचा आवाज दुसऱ्या गोलामागे पोहोचण्यास सुमारे एक-तृतीयांश सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोके अशी मध्यम गती धरली तर एका ठोक्याचा काळ अर्धा सेकंद होतो. समोरच्या बाजूस ऐकू येणारा घोष अशा रीतीने अर्ध्याहून अधिक ठोका मागे पडलेला असतो. कानाने ऐकून त्याच्याशी जुळवू पाहणारा माणूस जुळविण्याच्या प्रयत्नातच चुकतो. दोन बाजूंच्या प्रेक्षकांनी एकदम गाण्याऐवजी आलटून पालटून घोष देण्याची पद्धत जगभर का रुजली, याचे एक कारण या हिशेबात आहे. सवाल-जबाबात विलंब खपतो. एकत्र गायनात तो खपत नाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. झोल्तान नेदा व त्यांचे सहकारी यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले निरीक्षण येथे उपयोगी पडते. रुमानिया व हंगेरी येथील नाट्यगृहांत प्रयोग संपल्यावर होणाऱ्या टाळ्यांचे ध्वनिमुद्रण करून त्यांना असे आढळले की, विस्कळीत टाळ्या एकलय होतात तेव्हा प्रत्येक जण आपली गती जवळजवळ निम्म्याने कमी करतो. गती कमी झाली की एकूण आवाजही सरासरीने उतरतो. मग उत्साहाच्या भरात लोक पुन्हा वेग वाढवितात व एकलय मोडते. मोठ्याने वाजविणे आणि एकत्र वाजविणे या दोन इच्छा परस्परविरोधी आहेत. ज्याने कधी सभेत घोषणा द्यावयास आरंभ केला आहे त्याला हा अनुभव नवा नाही. तिसऱ्या आवर्तनापर्यंत घोषणा इतकी द्रुत होते की शब्द गळून केवळ कोलाहल उरतो.

ढोल, डफडे वा हलगी यांचे कार्य या ठिकाणी स्पष्ट होते. वाद्य आवाज वाढविते, ही समजूत अपुरी आहे. वाद्य गती धरून ठेवते. समूहाला काळाचे एकच माप मिळाले की प्रत्येकाला शेजाऱ्याचा अंदाज घ्यावा लागत नाही. हलगी याबाबतीत विशेष समर्थ ठरते. लाकडी वा धातूच्या कड्यावर ताणून बसविलेले कातडे विस्तवावर शेकून तापविले जाते. मग एका हातातील बारीक काडी व दुसऱ्या हातातील जाड टिपरू यांनी ती वाजविली जाते. तिचा ध्वनी घुमत राहत नाही; तो कडाडतो व तत्काळ विरतो. ध्वनीचा आरंभ जितका धारदार, तितकी त्याची वेळ कानाला नेमकी कळते. सोबतीला घुमके असले तर खालचा नाद भरून निघतो. पश्चिम महाराष्ट्रात हलगी, घुमके व कैताळ हा संच एकत्र का टिकून राहिला, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

अन्य देशांनी याच अडचणीची वेगवेगळी उत्तरे काढली. ब्राझीलमध्ये १९४२ साली फ्लामेंगो संघाचे समर्थक जैमी दे कार्व्हाल्यो यांनी ‘शारंगा’ नावाने ओळखला जाणारा वादकांचा ताफा मैदानात आणला, आणि तालवाद्ये व वारावाद्ये ही प्रेक्षागाराचाच भाग झाली. इंग्लंडमध्ये वाद्याविना गाण्याचा अभिमान दिसतो. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी आपलेसे केलेले ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे मूळचे १९४५ च्या ‘कॅरूसेल’ या संगीतिकेतील गीत असून १९६३ साली जेरी अँड द पेसमेकर्स या गायकवृंदाने ते लोकप्रिय केले. त्याची चाल विलंबित आहे आणि त्यातील स्वर लांबविता येतात. एक-तृतीयांश सेकंदाची चूक अशा लांब स्वरात विरघळून जाते. २००२ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाच्या समर्थकांनी देशाचे चार अक्षरांचे नाव उच्चारून त्यामागे पाच टाळ्या देण्याची रीत जगाला ऐकविली. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत आइसलंडच्या प्रेक्षकांनी ढोलाचे ठोके, मग डोक्यावर हात नेऊन एक टाळी व ‘हू’ असा उद्गार, आणि त्यानंतर दीर्घ शांतता असा क्रम ठेवला. ही शांतताच त्या घोषाचा प्राण होती. हळूहळू अंतर कमी होत जाते व शेवटी सारे विस्कटते. पण तोवर कार्य साधलेले असते.

याउलट उदाहरण २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकाचे. व्हुव्हुझेला ही पिपाणी एकाच स्वरात अखंड वाजते. तिच्यात सवाल नाही, जबाब नाही, थांबा नाही; म्हणून तिच्याखाली शब्द टिकत नाही. त्याच वर्षी युरोपीय फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांत तिला मनाई केली, ती समर्थकांचे गायन तिच्या आवाजात बुडून जाईल या कारणाने. गोंगाट आणि घोष यांतील भेद एका क्रीडासंस्थेला नियम करून मांडावा लागला, हे उद्‌बोधक आहे.

आता मराठी घोषांकडे वळू. ‘गणपती बाप्पा – मोरया’, ‘जोतिबाच्या नावानं – चांगभलं’, ‘येळकोट येळकोट – जय मल्हार’, ‘हर हर – महादेव’ हे घोष सर्वांच्या ओठांवरचे आहेत. त्यांतील प्रतिसादाचे शब्द एकत्र ठेवले असता काही समान लक्षणे आढळतात. ते लहान आहेत. त्या सर्वांचा आरंभ व्यंजनाने होतो. स्वरारंभी शब्दाची सुरुवात जमावात अंधुक होते. म, च, ज यांच्या उच्चारात मुखमार्ग क्षणभर अडतो व सुटतो, आणि ती सुटका सर्वांना एका वेळी साधते. (आइसलंडच्या ‘हू’ मधील हकार याला अपवाद भासेल, परंतु तेथे स्पर्शध्वनीचे काम टाळी करते.) शिवाय प्रत्येकात लांबविता येईल असा एक स्वर आहे.

हा स्वर कोठे येतो यावरून घोषाचे दोन प्रकार पडतात. ‘मोरया’ हा गुरू-लघु-गुरू असा पाच मात्रांचा शब्द अखेरच्या ‘या’वर खुला राहतो, तो हवा तितका लांबविता येतो आणि हळूहळू ओसरतो. ‘महादेव’ व ‘मल्हार’ यांचे तसे नाही. मराठी उच्चारात शब्दान्तीचा अकार लुप्त असल्यामुळे हे शब्द वस्तुतः व्यंजनान्त आहेत. येथे जमाव ‘दे’ वा ‘हा’ लांबवितो आणि शेवटचे व्यंजन सर्वजण मिळून मिटतात. पहिला घोष विरतो, दुसरा तुटतो. मिरवणुकीला पहिला शोभतो. झटापटीच्या प्रसंगी दुसरा. ‘चांगभलं’ याहून निराळे आहे. ‘चांगभले’ हे लेखी रूप घोषात कोणी उच्चारीत नाही. ‘लं’वरील अनुस्वार आजच्या बोलीत बहुधा नासिक्य नसून दीर्घ अकाराची खूण आहे, आणि हा दीर्घ अकार, ज्याला आपल्या वर्णमालेत स्वतंत्र अक्षर नाही, तोच हजारो कंठांतून डोंगरावर ऐकू येतो. प्रमाण लेखनाने ज्याची दखल घेतली नाही तो स्वर जोतिबाच्या यात्रेत सर्वांत मोठ्याने उच्चारला जातो, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

जोतिबाच्या डोंगरावरून कोल्हापूर जवळ आहे, आणि महाराष्ट्रात फुटबॉलच्या समर्थकांचा खरा अभ्यास करावयाचा तर तो कोल्हापुरातच करावा लागतो. मुंबई व पुणे येथील व्यावसायिक संघांभोवती २०१४ नंतर समर्थकमंडळे निर्माण झाली, ढोल आले, परदेशी चालींवर घोष रचले गेले. पुण्याचा संघ २०१९ मध्ये संपुष्टात आला व त्याच्या समर्थकांना मैदानच उरले नाही. कोल्हापूरचे संघ असे विरत नाहीत, कारण ते पेठांतून व तालमींतून उगवले आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावेच सांगतात की कुस्तीच्या आखाड्याने फुटबॉलला आपले घर दिले. शाहू स्टेडियममध्ये खेळणाऱ्या संघाचा समर्थक संघ निवडीत नाही. तो ज्या पेठेत जन्मतो तो त्याचा संघ असतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच भूमीतला. येथे ‘ईर्षा’ हा शब्द मत्सर या अर्थापेक्षा चुरस या अर्थाने व अभिमानाने वापरला जातो. मंगळवार पेठ व शिवाजी पेठ यांच्यातील ईर्षेवर कोल्हापूरकर तासन्‌तास बोलू शकतो.

संघांच्या नावांकडे छंदःशास्त्राच्या नजरेने पाहावे. पाटाकडील तालीम मंडळाला लोक ‘पीटीएम’ म्हणतात. इंग्रजी अक्षरांची नावे मराठी उच्चारात बहुधा गुरूच होतात, त्यामुळे ‘पी-टी-एम’ हे तीन समान गुरू मिळतात. त्यांना एक रिकामा ठोका जोडला की चार ठोक्यांचे आवर्तन पुरे होते. ‘खं-डो-बा’ याचीही घडण नेमकी हीच आहे. ‘दिलबहार’ मध्ये ‘दिल्’ गुरू, ‘ब’ लघु आणि ‘हार्’ लांबविता येणारा व व्यंजनाने मिटणारा. म्हणजे ‘महादेव’च्या जातीचा शब्द. ‘फुलेवाडी’ लघूने सुरू होतो व मग तीन गुरूंवर चालतो. त्याला ठोक्यापूर्वी किंचित उचल घ्यावी लागते. मुद्दा असा की ‘पीटीएम’साठी वाजविलेला ठेका ‘खंडोबा’ला तंतोतंत बसतो. प्रतिस्पर्ध्याने एका नावाचा घोष उभारला तर समोरच्यांना त्याच ठेक्यावर आपले नाव, किंवा त्याच्या नावाचे विडंबन, तत्काळ बसविता येते. टोमणा हा नव्या रचनेतून येत नाही. समान मात्रांच्या जागी दुसरा शब्द ठेवण्यातून येतो. झडतीतील उत्तर-प्रत्युत्तराचे तंत्र हेच आहे.

येथवर साम्य आहे. फरक प्रतिसादाच्या जागी आहे, आणि तोच महत्त्वाचा आहे. झडतीत एका आळीने दुसरीची कितीही टिंगल केली तरी तिचा शेवट ‘हर हर महादेव’ने होतो, आणि ज्यांची टिंगल झाली तेही तो प्रतिसाद देतात. टोमणा व्यक्तीचा, प्रतिसाद सर्वांचा. कुस्तीच्या मैदानातही अशीच सोय आहे. शाहू महाराजांच्या काळी उभारलेल्या खासबाग मैदानात हलगी वाजते ती एका मल्लासाठी नसते. ती मैदानाची असते, दोन्ही मल्लांना चढ आणते. फुटबॉलच्या प्रेक्षागारात ही सामाईक जागा उरलेली नाही. ढोल बाजूचा, घोष बाजूचा, प्रतिसादही बाजूचा. दोन्ही बाजू मिळून उच्चारतील असा एकही शब्द सामन्याच्या नव्वद मिनिटांत येत नाही. मग ईर्षेची खुन्नस होते, शिव्यांचे घोष बनतात, आणि पुढे जे घडते त्याची कोल्हापुरास ओळख आहे : हुल्लडबाजी, दगडफेक, पोलीस बंदोबस्त, थांबविलेले सामने. त्यात नुकसान खेळाडूंचे होते, ज्यांना हंगामात मोजकेच सामने मिळतात.

अशा प्रसंगी वाद्यांवर व घोषांवरच बंधन घालावे असा विचार सहज पुढे येतो. वर दिलेल्या विवेचनाच्या आधारे हा विचार चुकीचा ठरतो. ताल हा घोषाला आरंभ देतो तसाच अंतही देतो. ज्याच्या हातात टिपरू आहे तो थांबला की घोष थांबतो. म्हणजे जमावात एक असा माणूस आहे, ज्याला उत्तरदायी धरता येते. ताल काढून घेतला तर घोष जातो, शिवी राहते. कारण शिवीला ताल लागत नाही, ती एकेकट्याने देता येते, आणि तिला अखेरचा ठोका नसतो. उणीव वाद्याची नसून सामाईक प्रतिसादाची आहे.

टिपरू कोणाच्या हातात, हा प्रश्न मात्र केवळ शिस्तीचा नाही. हलगी व डफडे वाजविण्याचे काम परंपरेने मांग व महार समाजांवर लादलेले होते. सण गावाचा, वाजविणारा वेशीबाहेरचा. ज्याच्या ठोक्यावर सारा गाव एका आवाजात बोलत असे, त्याला त्या गावाच्या ‘आम्ही’त स्थान नव्हते. १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर विदर्भातील अनेक बौद्ध कुटुंबांनी गावकीची ही वाजंत्री सोडली, आणि ती सोडणे हे स्वाभिमानाचे कृत्य होते. समूहघोषाचे गोडवे गाणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा गाळली जाते. प्रेक्षागारात समर्थक ढोल स्वतःच्या गळ्यात अडकवितो तेव्हा वाजविणारा व घोष देणारा यांतील जुनी भिंत निदान त्या जागी नाहीशी होते. विजयानंतर गुलाल उधळीत निघणाऱ्या मिरवणुकीत मात्र हलगीवाला पुष्कळदा पैसे देऊन आणलेलाच असतो, आणि त्याची पेठ कोणती हे कोणी विचारीत नाही.

सिंदीच्या तान्ह्या पोळ्यात लहान मूल प्रथम काय शिकते हे पाहिले तर या विवेचनाचा एक तपशील पुरा होतो. झडती त्याला येत नसते; यमके, टोमणे, भावबाजार हे सारे मोठ्यांचे असते. त्याला येतो तो प्रतिसाद. डफडे थांबण्याच्या आत ‘महादेव’ म्हणावयाचे, ‘दे’ लांबवावयाचा आणि सर्वांबरोबर मिटावयाचा, एवढे ते ऐकून उचलते. पहिल्या खेपेस ते एक ठोका मागे राहते. दुसऱ्या खेपेस राहत नाही.